धोतर सुटलं तर विनोद, पदर सुटला तर चौकशी



हिवाळा संपत आला की ब्रिटनमध्ये पुरस्कारांचा हंगाम सुरू होतो. बाफ्टा झालं की ब्रिट, ब्रिट झालं की आणखी काही. रात्री दोन-तीन तास टीव्हीसमोर बसायचं आणि सकाळी ऑफिसात चहाच्या कपावर त्याची चर्चा करायची. पण चर्चा कशाची होते? कुठला सिनेमा उगाच जिंकला, कुठल्या गाण्यावर अन्याय झाला, याची? छे! कोणाचा ड्रेस घसरला, कोणाची झिप उघडली, कोण कुठे अडखळलं, याची. पुरस्कार कोणाला मिळाला हे आठवडाभरात विसरलं जातं. घसरलेला ड्रेस मात्र पंचवीस वर्षं टिकतो.

अतिशयोक्ती करत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्सचा सोहळा होता. ज्युडी फिनिगन आणि तिचा नवरा रिचर्ड मॅडली मंचावर होते. ज्युडीच्या ड्रेसचा वरचा भाग खाली घसरला आणि आतली ब्रा देशाने थेट प्रक्षेपणात पाहिली. बस, एवढंच. या दोघांचा 'दिस मॉर्निंग' हा कार्यक्रम आयटीव्हीवर १९८८ साली सुरू झाला. म्हणजे तोपर्यंत बारा वर्षं ही बाई लोकांच्या घरात येऊन बोलत होती. त्या बारा वर्षांची मुलाखत-कला आज कोण आठवतं? 'टीव्हीवरच्या गाजलेल्या फजित्या' अशी यादी निघाली की त्या ब्राचा नंबर मात्र हमखास लागतो.

तुम्ही म्हणाल, चार घटका करमणूक आहे, हसावं आणि सोडून द्यावं. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी व्हिसा, महागाई, वंशवाद यावर लिहावं. बायकांच्या कपड्यांवर कशाला शाई खर्च करायची? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हसायला माझी ना नाही. कपड्याने दगा दिला की हसू येणारच. पण ते हसू कोणाच्या खात्यावर जमा होतं, ते बघा. पुरुषाचा कपडा सुटला तर आपण कपड्याला हसतो. बाईचा सुटला तर बाईला. आणि हसून झालं की तिच्याकडून खुलासा मागतो.

१ फेब्रुवारी २००४ ची अमेरिकेतली घटना बहुतेकांना आठवत असेल. सुपर बोलच्या मध्यंतरात जस्टिन टिंबरलेकने हात घातला आणि जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा तुकडा निघून आला. हात त्याचा, छाती तिची. गुन्हेगार कोण ठरलं? आठवड्याभरानेच, त्याच सीबीएस वाहिनीवर, ग्रॅमी सोहळा होता. टिंबरलेक गेला, दिलगिरीचे दोन शब्द बोलला आणि दोन पुरस्कार घेऊन घरी आला. जॅनेट त्या सोहळ्यात नव्हतीच. सरकारने वाहिनीला साडेपाच लाख डॉलर दंड केला, तो पुढे कोर्टात रद्द झाला. २०१८ मध्ये टिंबरलेक त्याच सुपर बोलच्या मध्यंतरात पुन्हा गायला. जॅनेटची त्याने जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. वाहिनीचा दंड माफ झाला, पण बाईचा वसूल झाला तो झालाच.

इथल्या ब्रिट पुरस्कारांतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. १९९६ साली मायकेल जॅक्सनचं गाणं चालू असताना जार्व्हिस कॉकर मंचावर घुसला आणि पाठ फिरवून प्रेक्षकांना आपलं ढुंगण (पँटीसकट, हे खरं) दाखवून आला. पोलिसांनी चौकशी केली आणि आरोप न ठेवता सोडून दिलं. आज तो किस्सा इंग्रज माणूस अभिमानाने सांगतो. आता २०१५. ओ-टू अरीनामध्ये मॅडोना गात होती. अरमानीचा लांबलचक झगा गळ्याशी घट्ट बांधलेला. ठरल्याप्रमाणे नर्तकांनी तो मागून ओढला, गाठ सुटली नाही आणि ती पायऱ्यांवरून मागच्या मागे कोसळली. उठली आणि गाणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी विनोद कशावर? गाठ कोणी बांधली यावर नाही, मॅडोनाच्या वयावर. छप्पन्न वर्षांच्या बाईने हे उद्योग करावेत का, यावर. मुद्दाम आगाऊपणा करणारा बंडखोर ठरला आणि अपघातानंतर काम पुरं करणारी म्हातारी ठरली.

'हा पाश्चात्त्यांचा चावटपणा, आपल्याकडे असं नाही,' असं कोणी म्हणणार असेल तर त्यांनी जरा २००६ आठवावं. मार्चअखेरीस मुंबईत लॅक्मे फॅशन वीक चालू होता. एका मॉडेलचा टॉप घसरला, तिने तो हाताने सावरला आणि चालणं पूर्ण केलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीचा स्कर्ट मागून उसवला. (दोघींची नावं तेव्हा देशभर छापून आली. मी पुन्हा छापत नाही.) इंग्लंडात लोक हसले असते. महाराष्ट्रात प्रकरण विधिमंडळात गेलं! विरोधकांनी आवाज उठवला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पोलीस चौकशी जाहीर केली. शिवण कशी उसवली, हे शोधायला पोलीस! शेवटी निष्कर्ष निघाला की हा अपघात होता. कुठल्याही शिंप्याने हे दोन मिनिटांत, फुकट सांगितलं असतं.

हे एकटं-दुकटं उदाहरण नव्हतं. याच सरकारने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आणून हजारो बायकांचा रोजगार बंद केला होता. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे रॅम्पवरच्या शिवणीची चौकशी आणि बारमधल्या नाचाची बंदी एकाच काळातली, एकाच खात्यातली. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती: बाईचं शरीर दिसलं तर तो सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न. इंग्रजी टॅब्लॉइड त्या शरीराचा फोटो विकतं, आपलं सरकार त्याचा पंचनामा करतं. दोघांनाही ते आपल्याच मालकीचं वाटतं.

आता घरच्या अंगणात येऊ. काही वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही फार्स बसवला होता. मी सासरेबुवा, आणि अंगावर कोणाच्या तरी आजोबांचं धोतर. तिसऱ्या प्रवेशात तरातरा निघून जायचं होतं. सोगा दाराच्या कडीत अडकला, मी पुढे आणि धोतर मागे! आत हाफ पँट होती, पण तिच्यावर मँचेस्टर युनायटेडचा शिक्का, आणि हॉलमध्ये निम्मी मंडळी लिव्हरपूलवाली. हशापेक्षा हुर्योच मोठी झाली. मला सर्वोत्कृष्ट विनोदी भूमिकेचं बक्षीस मिळालं. आजही लोक भेटले की 'काय सासरेबुवा, धोतर शाबूत ना?' असं प्रेमाने विचारतात.

त्याच संध्याकाळी, त्याच मंचावर, नुकत्याच युनिव्हर्सिटीत गेलेल्या एका मुलीने लावणी केली. ऐन रंगात नऊवारीचा काष्टा सुटला. आत लेगिंग्ज होत्या, 'दिसलं' असं काहीच नाही. एका हाताने लुगडं सावरत, एकही ठेका न चुकवता तिने लावणी पूर्ण केली. टाळ्या तिला मिळायला हव्या होत्या. मिळालं काय? घरी पोचायच्या आत ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. 'आईने नीट नेसवायला नको?', 'इथे वाढलेल्या मुलींना लुगडं कुठे सांभाळता येतंय', 'लावणीच कशाला हवी होती?' आणि महिन्याभराने समितीचा फतवा: पुढच्या वर्षीपासून मुलींचे पोशाख आधी तपासले जातील. माझं धोतर तपासायला कोणी आलं नाही. ती मुलगी त्यानंतर मंडळात आलेली नाही.

गंमत बघा. बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले तर आपल्या पणज्यांनी त्यांच्यासारखं नेसायचा हट्ट धरला. साडीतला पुरुष आदर्श ठरला. साडीतल्या मुलीवर मात्र समिती बसली.

'पण या नट्या प्रसिद्धीसाठी मुद्दामच करतात' हे ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. काही करतही असतील. मग प्रसिद्धी देतं कोण? ती क्लिप थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघतं कोण? आणि या सोहळ्यांकडे जरा व्यापारी नजरेने बघा. रेड कार्पेटवरचे बहुतेक महागडे पोशाख डिझायनरकडून मिरवण्यासाठी उसने आलेले असतात. ती चालतीबोलती जाहिरात असते. ड्रेस शोभला तर नाव डिझायनरचं, उसवला तर नाव बाईचं. फायदा कंपनीचा आणि अब्रू बाईची, हा कुठला न्याय? आपले बॉलिवूडवालेही यात मागे नाहीत. आयफाचा पहिला सोहळा २००० साली लंडनच्या मिलेनियम डोममध्ये झाला, २००७ मध्ये तो यॉर्कशरला आला. नाव आंतरराष्ट्रीय भारतीय चित्रपट अकादमी आणि मुख्य सोहळा हिंदीचा. मराठी सिनेमाला तिथे पाट नाही, पण त्यातल्या पोशाखांची चर्चा आपण मराठीत न चुकता करतो.

कपड्याचंच बोलायचं तर आपली नऊवारी ही शेतात वाकायला, डोंगर चढायला, घोड्यावर बसायला सोयीची म्हणून टिकली. खांद्याला आधार नसलेला, टेपने अंगाला चिकटवलेला ड्रेस चालायलासुद्धा धड नाही. जो कपडा घालून श्वास घेणंही जोखमीचं, तो सुटला तर दोष शिवणाऱ्याचा की श्वास घेणारीचा?

परिस्थिती बदलू शकते, हेही याच देशात दिसलं. २०१७ मध्ये एका संगीत महोत्सवात एकाने जीना मार्टिन या तरुणीच्या स्कर्टखालून फोटो काढला. पोलिसांनी हात वर केले. ती लाजून घरी बसली नाही, मोहीम उभी केली. २०१८ मध्ये क्रिस्टोफर चोप या खासदाराने एका शब्दाने विधेयक अडवलं, तरी १२ एप्रिल २०१९ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हा गुन्हा झाला. कमाल शिक्षा दोन वर्षं. स्कॉटलंडमध्ये तो आधीच गुन्हा होता. शरम कॅमेऱ्यासमोरच्या बाईची नसून कॅमेऱ्यामागच्या माणसाची आहे, हे कायद्याने मान्य केलं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत हा कायदा पोचत नाही. तिथे आपणच कायदा आहोत.

तेव्हा यंदाच्या दिवाळीआधी प्रत्येक मंडळाने तीन साध्या गोष्टी कराव्यात. पोशाख तपासणी ठेवायची तर धोतरापासून सुरुवात करा, नाहीतर ठेवूच नका. पडद्यामागे सेफ्टी पिनांची एक डबी आणि नीट नेसवता येणारी दोन माणसं ठेवा (पुरुषही चालतील, बालगंधर्वांना जमलं होतं). आणि कोणाची फजिती झालीच तर जागेवर मनसोक्त हसा, टाळ्या वाजवा, पण ज्याची क्लिप त्याला विचारल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. समितीतल्या कोणाला हे जड वाटत असेल तर त्यांनी एकदा धोतर नेसून लावणी करून दाखवावी. टाळ्या मी वाजवीन, आणि क्लिप काढणार नाही.