पिशवीचा धंदा व आमचें अज्ञान



गेल्या चैत्रांत ऊसतोडीहून परतलेल्या एका घरची मुलगी आठ दिवस शाळेंत आली नाहीं, म्हणून मी चौकशीला गेलों. आई खाटेवर पडलेली, पोटाला पट्टा. वय फार तर अठ्ठावीस. "पिशवी काढली, गुरुजी. कारखान्याकडंच काढली. डॉक्टर म्हणले, ठेवली तर कॅन्सर हुईल." दुखणें काय होतें? अंगावरून पांढरें जाई आणि कंबर दुखे. औषध किती दिवस घेतलें? तीन दिवस. सोनोग्राफीचा कागद मागून पाहिला. तो इंग्रजींत, घरांत तो वाचणारें कोणी नाहीं. मीं वाचला. त्यांत कॅन्सर हा शब्द कोठेंही नव्हता!

ही एकटीची गोष्ट असती तर लेखणी उचलली नसती. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१९ सालीं आमच्या बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती तपासली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बाया ओळींत उभ्या केल्या तर त्यांतली एक. पुढें जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवांचून खासगी दवाखान्यानें पिशवी काढूं नये असा नियम जिल्ह्यांत झाला. नियम चांगलाच आहे, पण कोयता दरसाल जिल्ह्याची हद्द ओलांडतो, त्याचें काय?

कोणी शहाणा विचारील, बाया तयार तरी कां होतात? महाराज, उचल घेतलेल्या जोडप्याचा एक दिवस बुडाला कीं मुकादम खाडा मांडतो. फडावर ना आडोसा, ना धुवायला पाणी. ओलें फडकें तसेंच वापरावें, त्यानें जंतुदोष व्हावा, आणि त्या दुखण्यासाठीं पुन्हा खाडा. अशा वेळीं "पिशवी काढ, पाळीची कटकटच गेली" असें कोणी सांगितलें तर तें तिला सुटकेसारखें वाटतें. तिला दोष देणारानें एक हंगाम मोळी वाहून पाहावी.

आतां मुद्द्याचें बोलतों. अंगावरून थोडें पांढरें जाणें हा रोगच नव्हे. खाज असेल, दुर्गंधी असेल, दह्यासारखें जात असेल, तर तो बहुधा जंतुदोष. त्याला गोळ्या आहेत, पण त्या पुऱ्या घ्याव्या लागतात. कांहीं जातींच्या जंतुदोषांत नवऱ्यानेंही त्याच वेळीं औषध घेतलें नाहीं तर दुखणें फिरून येतें. येथें आमचे पुरुषसिंह गोळी गिळायला लाजतात आणि बायकोचें पोट फाडून घेतात! पाळींत रक्त फार जात असेल तर आधीं रक्त तपासावें, पंडुरोग असल्यास लोहाच्या गोळ्या द्याव्या, पिशवींत गांठ आहे काय तें पाहावें. गांठ निघाली म्हणजे कॅन्सर निघाला असें नव्हे. बहुतेक गांठी साध्या असतात. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर त्याच दिवसापासून बाईला म्हातारपण लागतें: अंगाची आग, झोप नाहीं, हाडें ठिसूळ. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचें वय अलीकडे येऊं शकतें. ज्या कमरेसाठीं पोट कापलें ती कंबर दुखायची राहत नाहींच, आणि उचल फेडायला पुन्हा त्याच कमरेनें मोळी उचलायची असते.

खरा कॅन्सर होत नाहीं असें मी म्हणत नाहीं. तो सिद्ध झाला, किंवा रक्त कशानेंच थांबेना, तर शस्त्रक्रिया जीव वांचविते. पाळी गेल्यावर रक्त दिसणें, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणें, घाण वासाचें पाणी जाणें, या खुणा दिसल्या तर एक दिवसही न दवडतां बीडच्या जिल्हा रुग्णालयांत जावें. पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर रातोरात होत नाहीं. एका विषाणूमुळें तो वर्षानुवर्षें हळूहळू होतो, आणि तपासून आधीं कळतो. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत (हल्लींचें धाराशिव) १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांना घेऊन मोठा प्रयोग झाला. २००९ सालीं त्याचा निष्कर्ष छापून आला: ज्या गटांत त्या विषाणूची एकदां तपासणी केली, त्या गटांत या कॅन्सरचे मृत्यु जवळजवळ निम्मे झाले. तेथें जीव वांचले ते तपासणीनें, सरसकट पिशव्या काढून नव्हे!

पूर्वीं शनि-मंगळाचा धाक घालून आमच्या घरचे दाणे नेले जात. पंचांगाच्या जागीं आतां सोनोग्राफीचा कागद आला. तोही आम्हांस वाचतां येत नाहीं. आणि हा नवा दुकानदार परक्याच जातीचा असतो अशी कोणी समजूत करून घेऊं नये. तो आपल्याच पैपाहुण्यांतला, आपल्याच फंडानें शिकलेला असूं शकतो. आम्ही मास्तर तरी कोणते धुतलेले? पुस्तकांत प्रजननाचा धडा आला कीं "घरीं वाचा" म्हणून पान उलटतों. घरीं कोण वाचून दाखविणार? मींही पंधरा वर्षें तेंच केलें. खाटेवरची ती आई अशाच एखाद्या शाळेंत शिकलेली आहे.

येत्या दसऱ्यापूर्वीं, ट्रॅक्टर गांवाबाहेर पडण्याच्या आधीं, शाळेच्या ओट्यावर बायांची बैठक ठेविली आहे. आशाताई व नर्सबाई येतों म्हणाल्या आहेत. ज्यांना डॉक्टरनें पिशवी काढायला सांगितलें असेल त्यांनीं कागद घेऊन यावें. ते मराठींत वाचून दाखवूं आणि जिल्हा रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरला विचारायला सोबत जाऊं. नवऱ्यांनींही यावें. मुकादमांसाठीं पुढची सतरंजी राखून ठेवितों. खाड्याचा हिशेब त्यांनीं तेथेंच, बायांदेखत वाचून दाखवावा.

आपला,
एक शाळामास्तर, लिंबागणेश