मक्याचा पेला

मक्याच्या दाण्यांपासून पाणी पिण्याचा पेला तयार होतो. दाणे भिजवून दळतात आणि त्यांतील पिष्ट वेगळे काढतात. त्या पिष्टाची साखर करतात. दुधाचे दही करणारे जे सूक्ष्मजंतू, त्यांच्याच जातीचे जंतू ही साखर आंबवून तिचे लॅक्टिक आम्ल बनवितात. या आम्लाचे इवले रेणू जोडून लांबच लांब साखळ्या केल्या, की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे पारदर्शक व कडक प्लॅस्टिक हाती येते. दह्याला आंबटपणा देणाऱ्या पदार्थाने पेल्याचे रूप घ्यावे, हे मानवी बुद्धीचे कौतुकच होय. (गरम चहा ओतला तर मात्र हा पेला लुळा पडतो!) पुणे जिल्ह्यात जेजुरी येथेही असे प्लॅस्टिक करून दाखविणारे केंद्र २०२४ साली सुरू झाले.

परंतु येथेच एक गैरसमज घर करतो. जे शेतात उगवले ते मातीत मिसळून जाणारच, असे पुष्कळांना वाटते. पळसाची पत्रावळ उकिरड्यावर पडली, की एका पावसाळ्यात तिची माती होते. मक्याच्या पेल्याचे तसे नाही. त्याच्या साखळ्या लवकर तुटण्यास ओलावा आणि सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तुटलेले तुकडेच जंतूंना खाता येतात. खताच्या मोठ्या कारखान्यात कचऱ्याच्या ढिगाला अशी ऊब येते व काही महिन्यांत पेला नाहीसा होतो. परसातल्या खड्ड्यात ती ऊब नसते. समुद्राच्या थंड पाण्यात तर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. कासवाच्या पोटात गेलेला तुकडा मक्याचा होता की खनिज तेलाचा, याने कासवाचे दुखणे कमी होत नाही.

ब्राझीलचे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. तेथे २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन तयार होते. ऊस ही वनस्पती खरी, पण हे पॉलिथिन आणि तेलापासूनचे पॉलिथिन यांत रसायनदृष्ट्या तिळमात्र भेद नाही. तेही कुजत नाही. उलट खनिज तेलापासून केलेली काही प्लॅस्टिके जंतू खाऊन टाकतात! पदार्थाचे कूळ नव्हे, तर त्याच्या रेणूंची बांधणी त्याचा शेवट ठरविते.

मग वनस्पतिजन्य प्लॅस्टिक टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. लॅक्टिक आम्लाचा अंश असलेल्या प्लॅस्टिकचे दोरे शस्त्रक्रियेत वापरतात. ते शरीरात हळूहळू विरतात आणि टाके काढण्याची वेदना रोग्याला सोसावी लागत नाही. मात्र पेल्यावर नुसते हिरवे पान छापून कारखानदाराची जबाबदारी संपत नाही. तो कोठे आणि किती उष्णतेत कुजेल, हेही त्यावर छापले पाहिजे. ज्या गावी ओला कचरा वेगळा गोळा होऊन अशा खतकारखान्यात जातो, तेथे मक्याचे पेले अवश्य वापरावेत. जेथे ही सोय नाही, तेथे पंगतीला स्टीलचे पेले घासून घेणेच बरे.