नावामागची गोष्ट : शमुवेल

मुलांनो, सॅम्युएल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते मूळचं हिब्रू, म्हणजे ज्यू लोकांच्या प्राचीन भाषेतलं. तिथे म्हणतात 'श्मुएल'. मराठी बायबलात त्याचा शमुवेल झाला आहे, आणि त्याची गोष्टही बायबलातच आहे.

हन्ना नावाच्या बाईला मूल नव्हतं. सवतीला होती, आणि ती हन्नाला घालूनपाडून बोलायची. एकदा शिलो गावच्या देवमंदिरात हन्नाने रडत रडत नवस केला, मुलगा झाला तर त्याला देवाच्याच सेवेला देईन. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. म्हाताऱ्या एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे! (मोठी माणसंसुद्धा किती चटकन मत बनवतात, पाहा.)

मुलगा झाला. देवाकडे मागून घेतला, म्हणून हन्नाने त्याचं नाव शमुवेल ठेवलं. दूध तुटल्यावर तिने त्याला खरोखरच एलीजवळ नेऊन सोडलं. मग दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. मुलगा तिकडे, आई इकडे. माप अंदाजानेच घेत असेल, नाही का?

आता खरी गंमत. हिब्रूत 'मागणे' म्हणजे 'शाअल'. हा शब्द 'शाऊल' या नावात चपखल बसतो, शमुवेलमध्ये बसत नाही! अभ्यासक म्हणतात, 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. तेव्हा अर्थ बहुधा 'देवाचं नाव'. कुणी 'देवाने ऐकलं' असाही अर्थ लावतात. मला विचाराल तर मी हन्नाच्या बाजूची. व्याकरणात बसो न बसो, नाव ठेवलं तिने!

हा 'एल' मात्र लक्षात ठेवा. डॅनिएल, गॅब्रिएल, इस्राएल, सगळीकडे तोच भेटतो.

आपल्या कोकणातही तो आला. बेने इस्राएल ज्यू तिथे शेकडो वर्षं राहिले, घरात मराठी बोलू लागले. शमुएलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. बापलेकांच्या दोन्ही नावांतला 'एल' गेला आणि त्याच्या जागी आपला 'जी' येऊन बसला!