पराभवातले सर्वनाम

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत, हे वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो. 'आम्ही निघतो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण निघू' म्हटले की तोही सोबत येतो. इंग्रजीला ही सोय नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही; गुजरातीला आणि द्राविडी भाषांना आहे. विद्यार्थी हा भेद वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु या भेदाचा खरा कस लागतो तो क्रिकेटच्या गप्पांत, असे आमचे फार दिवसांचे निरीक्षण आहे. संघ जिंकला की चहाच्या टपरीवरचा प्रत्येक जण म्हणतो, 'आपण जिंकलो.' तोच संघ हरला की वाक्य फिरते : 'हरले लेकाचे!' एका रात्रीत प्रथम पुरुषाचा तृतीय पुरुष होतो, आणि वाक्यात कर्ता असूनही सर्वनाम गळून पडते.

हा दोष केवळ आपल्याकडच्या मंडळींचा नाही. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव मिरवणारे कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते, आणि सामन्याविषयी बोलताना जिंकल्यावर 'आपण' हे सर्वनाम अधिक वापरले जाते, हरल्यावर कमी, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात अंग शेकून घेण्याची ही वृत्ती सार्वत्रिक असावी. म्हणूनच तिला अपवाद असणारी माणसे आम्हांला विचार करण्याजोगी वाटतात. वर्षभर हरणाऱ्या संघाचा जो चाहता 'आपण हरलो' असे म्हणतो, तो नेमके काय करीत असतो? भाबडेपणा, सवय, की आणखी काही? हा प्रश्न साहित्याच्या वाचकाला परका नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

आम्ही पुलगावात मराठी शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली माणसे. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वर्धा नदीच्या काठी वसलेले हे गाव. रेल्वेने नागपूर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. आमचा संघ अर्थात विदर्भाचा. विदर्भाने रणजी करंडकात पहिले पाऊल टाकले १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतर साठ वर्षे करंडक तर सोडाच, अंतिम सामनाही वाट्याला आला नाही. २००२-०३ पासून रणजी संघांची 'एलिट' आणि 'प्लेट' अशी विभागणी झाली, तेव्हा विदर्भ बराच काळ प्लेट गटात, म्हणजे पंक्तीबाहेर होता. विदर्भाकडून खेळणाऱ्याने कसोटी संघात जाण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले. तो मान खापरखेड्याच्या उमेश यादवला मिळाला. आमच्या विद्यार्थिदशेत सकाळचे वर्तमानपत्र उघडले की मुंबईच्या सामन्याला दोन स्तंभ आणि विदर्भाला तळाशी चार ओळी, असा हिशेब असे. त्या चार ओळींसाठी आम्ही पान उलटत असू.

अशा संघाचा एक संपूर्ण हंगाम अनुभवणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते केलेले नाही त्यांना सांगणे कठीण आहे. आमच्याकडे रणजीचा आणि कापसाचा हंगाम साधारण बरोबरीने चालतो. शेतात सीतादही होऊन पहिली वेचणी लागते, त्या सुमारास सामने सुरू होतात. आणि फरदडीची उरलीसुरली बोंडे फुटत असतात, तोवर आमच्या संघाचा गाशा गुंडाळलेला असतो. पहिल्या सामन्यापूर्वी आशा असते. दुसऱ्या पराभवानंतर गणित सुरू होते : उरलेल्यांपैकी इतके जिंकले आणि अमुक संघ तमक्याकडून हरला, तर. चौथ्या सामन्याच्या सुमारास गणितही संपते. खरा चाहता कोण हे तिथून पुढे ठरते, कारण सामने तर उरलेले असतातच.

गणित संपल्यानंतर माणूस वेगळ्या रीतीने पाहू लागतो. चार दिवसांच्या सामन्यात जय आणि पराजय यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. पहिल्या डावाची आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाल्याला तीन गुण, दुसऱ्याला एक. त्या एका गुणासाठी शेवटच्या दिवशी दोन तळाचे फलंदाज तासभर उभे राहतात, याचे मोल जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला ठाऊक नसते. फॉलोऑन टळणे, नवव्या गड्यासाठी तीस धावा जमणे, एखाद्या पोरसवद्या गोलंदाजाने नामांकित फलंदाजाची यष्टी उडवणे, एवढ्यावर आमचा आठवडा निघत असे. ओळीओळीतून अर्थ काढणारा वाचक आणि धावफलकातून एखादी उमेद शोधणारा चाहता यांची जातकुळी एकच. कथानकाचा शेवट आधीच कळलेला असला की वाचकाचे लक्ष तपशिलांकडे जाते. उत्तम पुनर्वाचन असेच घडते.

करुण रसापासून आनंद कसा होतो, हा आपल्या काव्यशास्त्रातला जुना प्रश्न. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, तरीही स्वतःचे भान सोडत नाही. चाहत्याची अवस्था हीच. बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजाबरोबर तोही परततो, आणि त्याच वेळी घड्याळात पाहून तासाला वर्गावर जातो. पण इथे एक महत्त्वाचा फरक आहे. शोकात्मिकेतल्या पराभवाला कर्ता असतो, आकार असतो आणि पडदा असतो. नायकाच्या पतनाला कारण असते आणि त्या कारणाला प्रतिष्ठा असते. हरणाऱ्या हंगामाला यातले काहीच नसते. झेल सुटतो तो कुणाच्या प्रमादशील स्वभावामुळे नाही, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. विरेचन होण्याआधीच पुढचा सामना सुरू होतो.

मराठीला मोठ्या पराभवाची सवय आहे, लहान पराभवाची नाही. १४ जानेवारी १७६१ च्या एका दिवसाने आपल्याला बखरी दिल्या, कादंबऱ्या दिल्या आणि 'पानिपत' हे सामान्यनामही दिले. निवडणुकीत कुणी आपटला तरी त्याचे पानिपत होते. क्रीडापानावर पाहावे तर धुव्वा, नामुष्की, लाजिरवाणा पराभव, शरणागती असे भारदस्त शब्द. परंतु चार दिवस बरे खेळून, शेवटच्या सत्रात चार गडी राखून हरवल्या गेलेल्या संघासाठी आपल्याकडे शब्द नाही. जो पराभव संस्मरणीयही नाही, ज्यातून ना बखर निघते ना पोवाडा, तो फक्त 'हरलो' या एका क्रियापदावर भागवावा लागतो. विदर्भाचे बहुतेक पराभव या जातीचे होते. आमच्या गावालाही ही जात ओळखीची. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी बंद पडली, तेव्हा त्याला कुणी पानिपत म्हटले नाही. ती गेली एवढेच.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. २०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडितांचे मार्गदर्शन, फैज फजलचे नेतृत्व आणि वसीम जाफरचा अनुभव यांच्या बळावर विदर्भाने उपान्त्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक काढले आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीवर नऊ गड्यांनी विजय मिळाला. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून करंडक राखला; २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला. आम्हांला अपार आनंद झाला, हे वेगळे सांगायला नको. परंतु त्या आनंदाबरोबर एक वाक्यही आले, आणि त्याच्याशी आमचे भांडण आहे. ते वाक्य शाळेच्या भिंतीवरचे : अपयश ही यशाची पहिली पायरी.

साठ वर्षे ही पायरी असते काय? प्रीतम गंधे यांच्यासारखा ऑफस्पिनर विदर्भासाठी वर्षानुवर्षे गोलंदाजी करून निवृत्त झाला, तेव्हा रणजी करंडक क्षितिजावरही नव्हता. त्यांची षटके गुरबानीच्या हॅट्ट्रिकची पूर्वतयारी होती, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या हयातीला प्रस्तावनेत ढकलणे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये शिकागोच्या कब्ज संघाने १९०८ नंतर थेट २०१६ साली अजिंक्यपद मिळवले. मधल्या एकशे आठ वर्षांत आज्यापासून नातवापर्यंत किती जण वाट पाहत गेले असतील! त्यांची निष्ठा २०१६ ने सार्थ ठरली असे मानले, तर जे २०१५ मध्ये वारले त्यांची निष्ठा निरर्थक ठरते. त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्स या दुसऱ्या संघाने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावले. शेवटच्या आठवड्यातही मैदानात जाऊन बसणारा प्रेक्षक कुठल्या पायरीवर बसला होता? आम्हांला वाटते, तो आपल्या जागी बसला होता. निष्ठेचे मूल्य निकालाने मागाहून ठरत नाही. ती ज्या दिवशी पाळली गेली, त्या दिवशीच ते पुरे झालेले असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पराभवाचे असे गोडवे गाणे सोयीचे असते ते संघ चालवणाऱ्यांना. चाहते निष्ठावंत आहेत म्हटल्यावर सुधारणा कशाला करायची? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण विदर्भात 'अनुशेष' हा शब्द प्रत्येकाला तोंडपाठ आहे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमली गेली ती १९८३ साली, आणि त्यानंतर वाट पाहण्याच्या सहनशीलतेचा गैरफायदा कसा घेतला जातो हे आम्ही पुरते पाहिले आहे. शेतातला तोटा हा तर खेळ नव्हेच. कापसाचा हंगाम बुडालेल्या माणसाला रणजीच्या पराभवाची उपमा देणे अश्लाघ्य होईल. त्याच्या नुकसानीला भाव, पाणी, कर्ज अशी नावे आहेत आणि तिथे चिकाटीचे कौतुक पुरेसे नाही, जाब विचारणे आवश्यक आहे. परंतु आमचा मुद्दा नेमका इथेच टिकतो. जाब कोण विचारतो? जो 'हरले लेकाचे' म्हणून वाहिनी बदलतो, तो नव्हे. निवड चुकली, मैदान नाही, जिल्ह्यातल्या मुलांना कुणी पाहत नाही, ही तक्रार तोच करतो ज्याने पराभव आपल्या नावावर लिहून घेतला आहे. 'आपण'शिवाय जाब नाही.

आणि 'आपण' म्हणायला संघाची मुळे जमिनीत असावी लागतात. इंडियन प्रीमियर लीगमध्ये पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला. ४६ सामन्यांत १२ विजय; २०१२ मध्ये तर तो तळाला होता. मग मालक कंपनीचे आणि क्रिकेट मंडळाचे पैशांवरून बिनसले आणि संघच नाहीसा झाला. त्याच्या चाहत्यांना पुढच्या वर्षी हरण्याचीही संधी उरली नाही. विदर्भाचा संघ साठ वर्षे हरला, पण त्याला कुणी गुंडाळू शकले नाही. तो प्रदेशाच्या नावाचा होता, विकत घेतलेला नव्हता.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या रात्री सर्वांच्या संदेशांत एकच सर्वनाम होते : 'आपली' मराठी. आनंद आम्हांलाही झाला. पण त्याच महाराष्ट्रात पदव्युत्तर मराठीच्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागले, मराठी शाळांचे पट घसरू लागले, तेव्हा बोलणे तृतीय पुरुषी होते : मराठीवाल्यांनी काहीतरी करायला हवे, मराठीच्या प्राध्यापकांचेच चुकते. भाषेलाही चाहते दोन प्रकारचे असतात, हे त्या दिवशी लख्ख दिसले. दर्जाच्या दिवशी कपडे मिरवणारे पुष्कळ. तिसऱ्या सामन्यानंतर, गणित संपल्यावर, चार विद्यार्थ्यांच्या वर्गात तितक्याच तयारीने 'लीळाचरित्र' शिकवायला उभे राहणारे थोडे. त्या चार विद्यार्थ्यांना आम्ही उद्याच्या यशाची पहिली पायरी म्हणून शिकवत नाही. ते आज समोर आहेत म्हणून शिकवतो.

मार्च २०२४ मध्ये विदर्भ वानखेडेवर मुंबईकडून रणजीचा अंतिम सामना १६९ धावांनी हरला. ५३८ धावांचे लक्ष्य होते. पाचव्या दिवशी सकाळी निकाल जवळपास ठरलेला असताना अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उपाहारापर्यंत बाद झाले नाहीत. वाडकरने शतक केले, दुबेने ६५ धावा. डाव ३६८ वर संपला. तोवर दोन करंडक घरी आलेले होते, आणि नव्या चाहत्यांपैकी अनेकांनी ती सकाळ पाहिलीच नाही. उगाच लांबलेली वाटली. आम्हांला ती वाचता आली, कारण ती लिपी आमच्या ओळखीची होती. दुपारी 'आपण हरलो' असे आम्ही एकमेकांना सांगितले, तेव्हा त्या वाक्यातले सर्वनाम जागच्या जागी होते.