तोंड न पुसणारे रुमाल

नाताळ जवळ आला की बाजारात झाडाच्या आकाराचे तयार रुमाल येतात. चकचकीत हिरवं पॉलिस्टर, घडीवर पक्की शिवण. उलगडत नाहीत, पाणी शोषत नाहीत. मग मंडळी, यांना रुमाल कशाला म्हणायचं?

सुती चौरसाला पेजेची खळ द्यावी, ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी. चौघडी करून सुटी टोकं पायरीपायरीने वर दुमडली, पालथं करून दोन्ही बाजू आत घेतल्या, पुन्हा उलटून एकेक टोक वरच्या पदराखाली खोचलं की झालं झाड! जेवताना उलगडा, तोंड पुसा, धुवा, पुढच्या डिसेंबरात पुन्हा काढा.

चवथीच्या माटोळीला कुणी प्लास्टिकची फळं टांगली तर आपण बोंब मारू. नाताळच्या मेजावर मात्र चालतं? कचेरीत यंदा सजावटीची वर्गणी निघेल तेव्हा मी देईन, पण सुती कापडासाठीच.