दाण्याचे जुळे भावंड

पाणी डब्यात ओतले की काम झाले. साखर मात्र बसवावी लागते. डबा दोनदा ओट्यावर आपटला की आणखी वाटीभर मावते, हे कुठल्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. ओतताना पाण्यासारखे वाहायचे आणि थांबले की दगडासारखे रास करून बसायचे, असा या धान्य-वाळू-साखरेचा दुटप्पी स्वभाव!

डब्यात हा स्वभाव गमतीचा, पण कोठारात तो जिवावर बेततो. यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनियराने १८९५ साली दाखवून दिले की, उंच कोठारात दाण्यांचा बराच भार घर्षणामुळे भिंतीच पेलतात. तळ सुटला, भिंत सापडली! त्यातून खालचे दार एका कडेला असले, तर धान्य एकाच अंगाने सरकते, भिंतीवर दाब वेडावाकडा पडतो आणि पत्रा चेपतो. भरीव दिसणाऱ्या राशीवर माणूस उतरला आणि खाली दार उघडे राहिले, तर काही सेकंदांतच त्याचे पाय असे रुततात की आपले आपण सुटणे नाही.

म्हणूनच हल्ली अशा कोठाराचे जुळे भावंड संगणकात जन्माला घालतात. इंग्रजीत त्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात. (खऱ्या कोठारातली मापे त्याला वरचेवर पुरवली तरच ते जुळे, एरवी नुसते सोंग.) यामागची रीत कंडॉल आणि स्ट्रॅक या जोडीने १९७९ साली मांडली. राशीचा विचारच करायचा नाही. एकेक दाणा वेगळा धरायचा. दोन दाणे भिडले की ते एकमेकांत किंचित शिरले असे मानायचे, आणि जितके शिरले तितक्या जोराने त्यांना दूर लोटायचे. हा हिशेब सेकंदाच्या लाखाव्या भागात एकदा, कधी त्याहूनही लौकर, पुन्हा पुन्हा करायचा.

आता दाणे मोजा. तांदळाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण २० ग्रॅम धरले, तर किलोत ५० हजार आणि दहा टनांच्या ट्रकमध्ये ५० कोटी! संगणकालाही घाम फुटतो. मग लांबट तांदळाऐवजी गोल गोळ्या घेतात, त्याही मूळ दाण्याहून मोठ्या. पण गोळ्या गडगडतात, त्यांची रास होईना. म्हणून त्यांच्या गडगडण्याला खोटा अटकाव घालतात, आणि खऱ्या धान्याची शीग जेवढी चढते तेवढीच संगणकात चढेपर्यंत आकडे फिरवतात. पायलीवर शीग लावणाऱ्या आपल्या जुन्या मापाऱ्याला हे ऐकून हसू आले असते.

खरी मेख इथेच आहे. घसरण्याचे घर्षण कमी धरून गडगडण्याचा अटकाव वाढवला, किंवा याच्या उलट केले, तरी शीग तीच चढते. चेहरा जुळला, स्वभाव वेगळाच! म्हणून दुसरी परीक्षा हवी: खरे धान्य ठराविक भोकातून किती वेळात गळते ते घड्याळ लावून पाहायचे, पेटीत दाबून सरकवायला किती जोर लागतो तेही मोजायचे. काम कंटाळवाणे खरे. घाईतला मनुष्य शिगेचे रंगीत चित्र अहवालाला डकवतो आणि मोकळा होतो. मला कोणी असे चित्र दाखवले, की मी एवढेच विचारतो: रिकामे व्हायला खऱ्याला किती वेळ लागला, आणि जुळ्याला किती?