फाळक्यांचे वारस कोण?

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा ‘स्वतंत्र सिनेमा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ नव्हता. परंतु धुंडिराज गोविंद फाळके यांनी जे केले, त्याला दुसरे नाव देता येत नाही. मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहत असताना त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. पाठीशी धनिकाची थैली नव्हती की सरकारचा हात नव्हता. विम्याची पॉलिसी गहाण पडली. सरस्वतीबाईंनी चमूचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट कामही केले. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. ते नाकारून ते परतले. स्वदेशी याहून वेगळी काय असते?

हा इतिहास उगाळण्याचे कारण आहे. गेली कित्येक दशके आपल्याकडे अशी एक समजूत दृढ करण्यात आली आहे की, व्यवसायाच्या चाकोरीबाहेरचा गंभीर सिनेमा म्हणजे डाव्या विचारवंतांची खासगी मालमत्ता. देवघर दाखविले की चित्रपट ‘प्रतिगामी’ आणि तेच देवघर दांभिकतेचे प्रतीक म्हणून दाखविले की ‘धाडसी’, असा निवाडा करणारे परीक्षक आपण पाहिले आहेत. या मंडळींना एकच विचारावेसे वाटते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्या भारतीय चित्रपटाचा गौरव झाला, तो प्रभातचा ‘संत तुकाराम’ होता. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ होता. विठ्ठलभक्ती आणि मातृसंस्कार हे विषय तेव्हा जगाला आणि देशाला कलेच्या आड येणारे वाटले नाहीत. मग आजच ते का वाटावेत?

पण बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून थांबणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली आहेत.

१९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झाली, सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले आणि गावोगावी चित्रपट मंडळे उभी राहिली. सतरंजीवर बसून जगाचा सिनेमा पाहणारी एक पिढी त्यांतून घडली. त्यांनी पाहिले, वाचले, वाद घातले. म्हणून पुढे लिहिणारे, शिकविणारे आणि निवडसमित्यांवर बसणारे त्यांच्यातून निघाले. आपण त्या काळात काय केले? ‘सिनेमाचे वेड वाईट’ असे मुलांना बजावले आणि एखाद्या चित्रपटाने दुखावले की निषेधाचे निवेदन दिले. निवेदनाने एखादा खेळ थांबतो. चित्रपट निर्माण होत नाही. मैदान सोडून दिलेल्या संघाने पंचांवर पक्षपाताचा आरोप करावा, यात कसला पुरुषार्थ?

ताजे उदाहरण घ्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. विषय कोणता, तर हिंदुस्थानी संगीतातील गुरुशिष्य परंपरा आणि साधनेची कठोर वाट. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात एकेकाळी रात्र जागविलेल्या आपल्या कुटुंबांपैकी किती जणांनी तो पाहिला? २०२१ साली तो नेटफ्लिक्सद्वारे घरबसल्या उपलब्ध झाला होता. त्यातील परंपरेविषयीचे प्रश्न आपल्याला पटतील वा पटणार नाहीत. पण ते खोडून काढण्यासाठीही चित्रपट आधी पाहावा लागतो.

चित्रगृहांतील अवस्था आणखी बिकट आहे. छोट्या निर्मात्याच्या चित्रपटाला बहुपडदा चित्रगृहात अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो. शुक्रवार ते रविवार प्रेक्षक आला नाही, तर सोमवारी तोही खेळ जातो. २०१५ साली राज्य शासनाने मराठी चित्रपटाला मुख्य वेळेत स्थान देण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण शासन पडदा मिळवून देऊ शकते, खुर्चीत प्रेक्षक बसवू शकत नाही. मराठी चित्रपट चालत नाही म्हणून हळहळणारे आपण पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढतो का?

समाजाने मनावर घेतले तर काय घडते, याचे दाखले आहेत. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिला. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ ऑस्करसाठी भारतातर्फे पाठविला गेला, तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांनीही आपला वाटा उचलला. गुरुदक्षिणेच्या पाकिटातून संघटना चालविणाऱ्यांना समाजाच्या छोट्या छोट्या देणग्यांचे सामर्थ्य नव्याने सांगण्याची गरज नाही. भारतीय चित्र साधनेने चित्रभारती महोत्सव सुरू करून नव्या मुलांच्या लघुपटांना व्यासपीठ दिले, ही स्वागतार्ह सुरुवात आहे. मात्र महोत्सव दोन वर्षांनी येतो. अभिरुची दर आठवड्याला घडवावी लागते.

म्हणून प्रत्येक नगरात एक चित्रपट मंडळ हवे. महिन्यातून एक चित्रपट, नंतर तासभर मोकळी चर्चा. त्यात ‘संत तुकाराम’ असावा, तसाच ‘पथेर पांचाली’ही असावा आणि आपल्याला न पटणारा चित्रपटही असावा. हे करताना एक पथ्य पाळावे. विचार शुद्ध आहे म्हणून सुमार चित्रपटाची पाठ थोपटू नये. भोंगळ पटकथा आणि घोषणाबाज संवाद यांनी विचाराची सेवा होत नाही, हेटाळणीच होते. तुकोबा पडद्यावर जिवंत झाले, ते विष्णुपंत पागनीस यांच्या तन्मयतेमुळे आणि दामले-फत्तेलाल यांच्या कारागिरीमुळे.

फाळक्यांचा वारसा कुणा एका गटाच्या नावे लिहून दिलेला नाही. ज्याच्या घरात तळमळ आहे आणि हातात कसब आहे, त्याचा तो आहे. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणेल, ‘मला चित्रपट करायचा आहे.’ त्या क्षणी आपण अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज पुढे करणार, की सरस्वतीबाईंसारखे पाठीशी उभे राहणार? वारस कोण, हे त्या उत्तरावरून ठरेल.